इंजिन थंड असताना

सलायना गावाबाहेर, जुन्या ट्रकांच्या आवारात
मी सकाळी साडेसहालाच जाऊन उभी राहिले. मुद्दाम.
ऑरिन म्हणाला होता, इंजिन थंड असताना गाठ,
गरम इंजिन कुणाशीही गोड बोलतं.

अकरा वर्षं दुसऱ्याचा ट्रक चालवला.
डिझेल त्यांचं, टायर त्यांचे, घाई त्यांची.
माझी फक्त झोप, तीही अर्धीमुर्धी.
आता खात्यात एकोणतीस हजार डॉलर आहेत.
बाकीचे बँकेचे,
म्हणजे माझ्याच मानेवरचे.

पहिला लाल. असा लाल की नजर हलेना.
क्रोमच्या धुरांड्यात माझा चेहरा दिसला,
लांबुळका, जरा श्रीमंत.
डेलबर्ट बोटाभोवती किल्ली फिरवत म्हणाला,
"एकाच हातात फिरलाय, ट्वायला. सगळे मैल हायवेचे."
मी बॉनेट उघडून ब्लॉकवर तळवा ठेवला.
कोमट.
बाहेर शून्याखाली चार, पत्र्यावर दव गोठलेलं,
आणि हा कोमट, नुकत्याच उठलेल्या अंथरुणासारखा.
माझे वडील गुरं विकायचे. सांगायचे,
बाजाराच्या दिवशी जनावराला भरपूर पाणी पाजतात,
काट्यावर जड भरतं.
"तुम्ही आज किती वाजता उठलात, डेलबर्ट?"
किल्ली फिरायची थांबली.

दुसरा पांढरा, कुठल्याशा मोठ्या कंपनीचा.
त्याच्याकडे मी फार वेळ पाहिलंच नाही.
आपला नसलेला ट्रक कसा वापरतात
हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

तिसरा मागे, कुंपणाला लागून. राखाडी.
साडेआठ लाख मैल.
ब्लॉक बर्फासारखा. तिसऱ्या खेपेला सुरू झाला,
पांढरा धूर ओकला, खोकला, मग धूर विरत गेला.
तेलाचं झाकण काढून त्याच तोंडावर उलटं ठेवलं.
उडालं तर सरळ घरी ये, ऑरिनचे शब्द.
झाकण थरथरलं.
बसून राहिलं.
मग पाठीवर सरपटत खाली गेले, टॉर्च दातांत धरून.
चौकटीला गंज होता, पण नखाने खरवडता येईल इतकाच.
पुढच्या उजव्या टायरची आतली कड खाल्लेली.
वहीत लिहिलं: अलाइनमेंट, तीनशे.
सीलमधून तेल पाझरतंय. प्रश्नचिन्ह.

बाहेर येऊन दार उघडलं,
तर दाराच्या आतल्या पत्र्यावर पेन्सिलीने तारखा.
एकाखाली एक, बारीक, सुताराच्या हातासारख्या.
ग्रीस. ग्रीस. ग्रीस. पट्टा बदलला. ग्रीस.
नऊ वर्षं, दर दुसऱ्या रविवारी,
फक्त एका जूनमध्ये खाडा.
शेवटची तारीख मागच्या ऑक्टोबरची.
त्याखाली पत्रा कोरा.

सन-व्हायझरमागे एक पावती सापडली, तिच्यावर नंबर.
आठ वाजायची वाट पाहून फोन लावला.
एमेट ब्रॅकन. साखरेने डोळे गेले,
डोळ्यांबरोबर लायसन्स.
किती सांगतोय तो, हे त्याने विचारलंच नाही.
म्हणाला, "डावीकडची काच अजून तळव्याने ढकलावी लागते?"
मी जाऊन ढकलून पाहिली.
"हो."
बराच वेळ नुसता त्याचा श्वास.
मग म्हणाला, "सहातले चार इंजेक्टर नवे टाकलेत.
दोन राहिले. पैसे संपले होते.
तो सांगणार नाही, म्हणून मी सांगतो."

जूनचं विचारायचं ओठावर आलं होतं.
नाही विचारलं.

डेलबर्टला मी दोन इंजेक्टरचा आकडा सांगितला.
तो चिडला, हसला, पुन्हा चिडला,
कुठेतरी मध्येच कबूल झाला.
तरी सही केली नाही.
इंजिनातलं तेल छोट्या बाटलीत भरलं,
प्रयोगशाळेचा पत्ता चिकटवला, टपालात टाकलं.
निकालाला तीन दिवस.
तेलात पाणी निघालं तर एमेटचं अक्षरही
मला वाचवणार नाही, हे कळतं मला.

परतताना पेट्रोल पंपावर कॉफी घेतली,
आणि गल्ल्याजवळच्या डब्यातून
एक पेन्सिल.